इटालियनमध्ये आघात नेहमी उपान्त्य अक्षरावर? नाही

'शेवटून दुसऱ्या (उपान्त्य) अक्षरावर जोर (आघात) द्या, झाले इटालियन!' हा सल्ला वर्षानुवर्षे फिरतो आहे. अक्षर म्हणजे इथे एका झटक्यात उच्चारला जाणारा शब्दाचा तुकडा. बहुतेक शब्दांना तो लागू पडतो, पण 'नेहमी' चूक आहे. गावांची नावेच पाहा: मिलानो, तोरिनो नियमात बसतात. पण नापोली, मोदेना, जेनोव्हा, रिमिनी यांत जोर पहिल्या अक्षरावर, म्हणजे शेवटून तिसऱ्यावर. 'ते फोन करतात' या अर्थाच्या तेलेफोनानोमध्ये तो 'ले'वर, शेवटून चौथ्यावर पडतो.

लेखनातून हे कळेल ही आशाही फोल. आघातचिन्ह सक्तीचे असते ते मुख्यतः अंत्य स्वरावर जोर असेल तेव्हा, उदा. चित्ता (शहर). 'आंकोरा' एकाच पद्धतीने लिहितात. जोर 'आं'वर दिला तर जहाजाचा नांगर, 'को'वर दिला तर 'अजून'.

अक्षरे आधी नीट तोडा. जोडव्यंजन द्वित्त असेल तर मधोमध: पाल्-ला (चेंडू). 'स'पुढे दुसरे व्यंजन आले तर दोन्ही पुढच्या अक्षरात: पा-स्ता, फि-ने-स्त्रा (खिडकी). आपण पास्-ता तोडतो, तिथेच गडबड होते. उपान्त्य अक्षर व्यंजनान्त असेल तर जोर बहुधा त्यावरच. तारांतो शहर आणि मांदोर्ला (बदाम) हे मात्र हट्टी अपवाद. उपान्त्य अक्षर स्वरान्त असेल तर अंदाज करू नका, शब्दकोश उघडा. तिथे आघात छापलेला असतो.