थिबा राजाची ३० वर्षे आणि थिबा पॅलेस

ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला इंग्रजांनी रत्नागिरीत आणून ३० वर्षे थिबा पॅलेसमध्ये कैदेत ठेवले, असे सांगितले जाते. त्यातली ३० वर्षे खरी आहेत, राजवाडा मात्र नाही. नोव्हेंबर १८८५मध्ये राजधानी मंडाले इंग्रजांच्या हाती पडल्यावर राजा आणि राणी सुपयालत यांना आधी मद्रासला नेण्यात आले व एप्रिल १८८६मध्ये ते रत्नागिरीस पोहोचले. तेव्हा ही इमारत अस्तित्वातच नव्हती. पुढची सुमारे २४ वर्षे राजपरिवार बंगल्यांत राहिला, आणि भाट्ये खाडीकडे पाहणारा जांभ्या दगडाचा हा वाडा १९१०मध्ये पूर्ण झाल्यावरच तिथे राहायला गेला. डिसेंबर १९१६मध्ये राजाचे निधन झाले. म्हणजे ज्या वास्तूला त्याचे नाव चिकटले, तिचा सहवास त्याला जेमतेम सहा वर्षे लाभला.

राजाने हा वाडा स्वतः बांधला, ही समजूतही बरोबर नाही. तो इंग्रज सरकारने उभारला. सागवानी नक्षीच्या अर्धवर्तुळाकार खिडक्या पाहून तसे वाटते खरे, पण पदच्युत, सरकारी तनख्यावर जगणाऱ्या कैद्याला एवढे बांधकाम परवडणार कसे? १९१९मध्ये राजाचे कुटुंब ब्रह्मदेशी परतले. राजाची समाधी मात्र रत्नागिरीतच आहे.