कर्म : शब्द आणि त्याचे भाषांतरींचे अर्थ

कर्म : ‘करणे’ या अर्थाच्या संस्कृत ‘कृ’ धातूला ‘मन्’ प्रत्यय लागून झालेले नपुंसकलिंगी नाम, मूळ प्रातिपदिक (विभक्तिप्रत्यय लागण्यापूर्वीचे रूप) ‘कर्मन्’, प्रथमेच्या एकवचनात ‘कर्म’. कृती, विहित धार्मिक क्रिया, कृतीचा साठून राहिलेला परिणाम, दैव, वाक्यातील क्रियेचा विषय असे याचे अनेक अर्थ आहेत. आशियातील बहुतेक मोठ्या भाषांत हा शब्द किंवा त्याचा प्रतिशब्द पोचला; मात्र सगळे अर्थ एकत्र कोठेच गेले नाहीत. कर्मसिद्धांताच्या तत्त्वज्ञानाचा परामर्श येथे शब्दार्थाच्या अनुषंगानेच घेतला आहे.

व्युत्पत्ती : ‘कृ’ धातूचे मूळ इंडो-युरोपीय भाषाकुलातील ओष्ठ्य छटेच्या ‘क्व्’ या कंठ्य वर्णात मानले जाते. संस्कृतातील ‘चकार’ या रूपात अभ्यासाचा (धातूच्या द्विरुक्तीतील पहिल्या भागाचा) ‘च’ येतो, तो पुढील मूळच्या ‘ए’ स्वरामुळे त्याच वर्णाचे तालव्यीकरण होऊन आलेला आहे. इराणी शाखेशी असलेले नाते तर उघड दिसते. प्राचीन इराणचा सम्राट पहिला दारयवहु (डरायस) याच्या बेहिस्तून शिलालेखातील ‘अकुनवम्’ (मी केले) आणि वैदिक ‘अकृणवम्’ ही रूपे शेजारी ठेवली की वेगळ्या पुराव्याची गरज उरत नाही. लिथुएनियन ‘कुर्ती’ (घडविणे, उभारणे) हा शब्दही सामान्यतः याच मुळाशी जोडतात. लॅटिनमधील ‘निर्माण करणे’ या अर्थाचा ‘क्रेआरे’ मात्र ध्वनिसाम्य असूनही वाढीचा अर्थ असलेल्या वेगळ्या धातूचा असावा, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

फार्सीतील ‘कार’ (काम) हा शब्द याच इराणी धातूचा. त्यामुळे मराठीत फार्सीतून आलेले कारकून, कारखाना, कारभार, सरकार हे शब्द ‘कर्म’ शब्दाचे दूरचे सगोत्र ठरतात. ‘कामगार’ या शब्दात तर ‘काम’ हे संस्कृत कुळातले आणि ‘गार’ हा फार्सी प्रत्यय, बहुधा त्याच धातूचा; म्हणजे एकाच मुळाची दोन रूपे हजारो वर्षांनी मराठीत पुन्हा जोडली गेली आहेत.

वैदिक अर्थ : ऋग्वेदात ‘कर्मन्’ म्हणजे पराक्रमाचे कृत्य, विशेषतः इंद्राचे, आणि देवांप्रीत्यर्थ केलेली क्रिया. त्याच अर्थाचा ‘अपस्’ हा शब्दही तेथे आढळतो (लॅटिन ‘ओपुस’ याचा सजातीय). पुढे तो मागे पडला आणि ‘कर्म’ उरला. ब्राह्मणग्रंथांत (वेदांच्या यज्ञविधी सांगणाऱ्या भागांत) अर्थ आक्रसून यज्ञक्रियेपुरता झाला. ‘यज्ञो वै श्रेष्ठतमं कर्म’ हे शतपथ ब्राह्मणातील वचन त्याचेच द्योतक आहे. वैदिक विधींचा अर्थ लावणाऱ्या पूर्वमीमांसा दर्शनाने नित्य, नैमित्तिक, काम्य व निषिद्ध असे वर्गीकरण करताना हाच अर्थ आधाराला घेतला, आणि आज संपलेल्या क्रियेचे फळ उद्या कसे मिळते या प्रश्नाला ‘अपूर्व’ (क्रिया व फळ यांना जोडणारी अदृश्य शक्ती) या संकल्पनेने उत्तर दिले. मराठीतील कर्मकांड, कर्मठ, क्रियाकर्म हे शब्द या परंपरेतले आहेत. ब्राह्मणांच्या षट्कर्मांचा (अध्ययन, अध्यापन, यजन, याजन, दान, प्रतिग्रह) अधिकार कोणाला व त्यांपैकी अध्ययन, यजन, दान या त्रिकर्मांपुरता कोणाला, या महाराष्ट्र-गोव्यातील जुन्या ज्ञातिवादातही ‘कर्म’ याच अर्थाने येते.

फळाचा अर्थ कोठून आला : ‘केलेल्याचे फळ पुढच्या जन्मी कर्त्याला मिळते’ हा अर्थ शब्दाला केव्हा व कोठे चिकटला, याविषयी मतभेद आहेत. सर्वांत जुना स्पष्ट उल्लेख बृहदारण्यक उपनिषदात मिळतो. त्याचा काळ सर्वसाधारणपणे इ.स.पू. 700 ते 500 च्या दरम्यान धरतात, परंतु तो निश्चित नाही. मेल्यावर माणसाचे काय उरते, असे जारत्कारव आर्तभाग विचारतो. याज्ञवल्क्य त्याला ‘हात दे’ म्हणून सभेतून बाजूला नेतो. दोघे जे बोलले ते कर्माविषयीच बोलले, एवढे उपनिषद सांगते, आणि ‘पुण्यो वै पुण्येन कर्मणा भवति पापः पापेन’ असा निष्कर्ष देते. छांदोग्यात हीच शिकवण प्रवाहण जैवलि या राजाच्या तोंडी येते, आणि ही विद्या यापूर्वी ब्राह्मणांकडे गेली नव्हती असे तो उद्दालक आरुणीला बजावतो.

एकीकडे ही गुप्तता आणि दुसरीकडे हे क्षत्रिय प्रवक्ते, यांवरून ही कल्पना वैदिक वर्तुळाबाहेरची, मगधाकडील श्रमण (जैन, बौद्ध यांसारख्या संन्यासी) परंपरांतली असावी, असे एक मत आहे. अलीकडे योहानेस ब्राँखॉर्स्ट यांनी ते आग्रहाने मांडले. उलट हर्मन टल यांच्यासारखे अभ्यासक तिची मुळे यज्ञविचारातच शोधतात. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील यमसूक्तात मृताने आपल्या ‘इष्टापूर्ता’शी, म्हणजे यज्ञ व दान यांच्या पुण्याशी, परम स्थानी एकरूप व्हावे अशी प्रार्थना आहे. शतपथात ‘पुनर्मृत्यू’ची, परलोकात पुन्हा मरण येण्याची, भीती आहे. या दोन धाग्यांतून पुढचा विचार विणला गेला असणे शक्य आहे. गणनाथ ओबेयसेकेरे यांनी वेगळा मुद्दा लक्षात आणून दिला : पुनर्जन्माची कल्पना जगातल्या अनेक समाजांत आहे, भारतात विशेष घडले ते तिचे नैतिकीकरण.

शब्दाच्या अंगाने पाहिले तर दुसऱ्या, म्हणजे यज्ञविचारात मुळे शोधणाऱ्या, पक्षाकडे झुकावेसे वाटते. बृहदारण्यकाने नवा शब्द घडविला नाही, यज्ञवाचक शब्दच वापरला, आणि ‘यथाकारी यथाचारी तथा भवति’ असे म्हणून त्याची व्याप्ती सगळ्या आचरणापर्यंत नेली. कल्पनेचा उगम कोठलाही असो, अर्थाचे हे वळण यज्ञाची परिभाषा जाणणाऱ्यांच्या बोलण्यातच पडले असावे. पुनर्जन्माच्या कल्पनेविषयी मात्र एवढ्या खात्रीने बोलता येत नाही.

पाली व अर्धमागधी : दोन्ही भाषांत रूप ‘कम्म’ असेच आहे, अर्थाबाबत मात्र बौद्ध व जैन यांनी परस्परविरुद्ध दिशा धरल्या. ‘चेतनाहं भिक्खवे कम्मं वदामि’ (भिक्षूंनो, चेतनेला मी कर्म म्हणतो) हे अंगुत्तर निकायातील वचन कर्माला हेतूत नेऊन ठेवते. जैन मताने ‘कर्म’ हे द्रव्य आहे : सूक्ष्म पुद्गलांचा (जडकणांचा) जीवाकडे आस्रव (ओघ) होतो, बंध पडतो, तपाने निर्जरा (झडून जाणे) होते. ज्ञानावरणीय, दर्शनावरणीय, वेदनीय, मोहनीय, आयु, नाम, गोत्र व अंतराय या आठ मूळ प्रकृती व त्यांचे उपभेद यांचा जैन आगमांतील व नंतरच्या ग्रंथांतील विस्तार प्रचंड आहे. मज्झिम निकायातील उपालिसुत्तात हा वाद प्रत्यक्ष उतरला आहे. तेथे निर्ग्रंथ (जैन) ‘दंड’ शब्द वापरतात व कायदंड सर्वांत गुरू मानतात. बुद्ध ‘कम्म’ म्हणतात आणि मनःकर्म सर्वांत गुरू मानतात.

शास्त्रीय परिभाषा : पाणिनीच्या ‘कर्तुरीप्सिततमं कर्म’ (1.4.49) या सूत्रानुसार, कर्त्याला क्रियेने जे सर्वाधिक प्राप्त करावयाचे असते ते कर्म. नको असलेल्या वस्तूलाही (विष खातो) ही संज्ञा लागावी म्हणून पुढचे सूत्र आले. मराठी व्याकरणातील सकर्मक, कर्मणी प्रयोग या संज्ञा येथूनच आलेल्या आहेत. वैशेषिक दर्शनात ‘कर्म’ म्हणजे केवळ गती. तिचे उत्क्षेपण, अवक्षेपण, आकुंचन, प्रसारण व गमन असे पाच प्रकार. आयुर्वेदात ‘कर्म’ म्हणजे उपचारक्रिया (पंचकर्म).

आधुनिक भारतीय-आर्य भाषा : प्राकृत ‘कम्म’ मधील जोडव्यंजन सुटे होऊन आधीचा स्वर दीर्घ झाला आणि ‘काम’ हे रूप आले. चर्म–चम्म–चाम, घर्म–घम्म–घाम हे बदल तसेच आहेत. मराठी व कोकणीत ‘काम’ आजही मूळ नपुंसकलिंग राखून आहे. हिंदीत ते पुल्लिंगी झाले. पंजाबीने जोडव्यंजन टिकविले (कम्म). सिंहलीत स्वर ऱ्हस्वच राहून ‘कम’ झाले आणि ते भाववाचक प्रत्यय बनले (होंदकम = चांगुलपणा). ‘इच्छा’ या अर्थाचा संस्कृत ‘काम’ वेगळ्या धातूचा आहे. मराठीत दोन्ही शब्द उच्चाराने एक झाले, पण ‘कामकाज’ मध्ये कर्म व कार्य ही भावंडे एकत्र नांदतात, तेथे इच्छेचा संबंध नाही. हिंदीतील ‘करम’ ही रूपेही दोन आहेत : एक कर्माचे, दुसरे अरबी, कृपा या अर्थाचे.

यातून एक विभागणी झाली आणि प्रस्तुत नोंदीच्या दृष्टीने ती सर्वांत महत्त्वाची आहे. झिजून आलेल्या तद्भव शब्दाकडे रोजचे कष्ट गेले, तर पोथीतून पुन्हा घेतलेल्या तत्समाकडे विधी आणि दैव. शेतातले असते ते ‘काम’. कपाळावर लिहिलेले असते ते ‘कर्म’. ‘कर्म माझं!’, ‘कर्मकटकट’, ‘कर्मदरिद्री’, ‘करमकहाणी’, ‘कर्मधर्मसंयोगाने’ या प्रयोगांत कर्त्याचे कर्तेपण जवळजवळ नाहीसे झाले आहे. जो शब्द ‘मी केले’ हे सांगण्यासाठी होता, तो ‘माझ्यावर आले’ हे सांगू लागला. ‘कर्मचारी’ हा अपवाद नवीन, प्रशासकीय घडणीचा.

मराठी विचारपरंपरेने या आकुंचनाला वेळोवेळी विरोध केला आहे. ज्ञानेश्वरीत (शके 1212) चौथ्या अध्यायात ‘तरी कर्म म्हणिजे स्वभावें । जेणें विश्वाकारु संभवे’ अशी व्याख्या येते. विश्व ज्याने आकाराला येते ते कर्म. टिळकांनी गीतारहस्यात (1915) मीमांसकांचा यज्ञपर अर्थ संकुचित ठरवून मनुष्य जे जे करतो ते सर्व कर्म, असा अर्थ घेतला. गीतेतील ‘विकर्म’ शब्दाचा रूढ अर्थ निषिद्ध कर्म. विनोबांनी 1932 साली धुळ्याच्या तुरुंगातील प्रवचनांत तो ‘विशेष कर्म’, बाह्य कृतीला मिळालेली चित्ताची जोड, असा लावला. भाषिकदृष्ट्या तो दुर्बळ असला तरी विचार म्हणून समर्थ आहे. डॉ. आंबेडकरांनी बुद्ध आणि धम्म यांविषयीच्या आपल्या ग्रंथात (1957) बुद्धाचा कर्मनियम व्यक्तीच्या भाग्याशी नव्हे, तर जगाच्या नैतिक व्यवस्थेशी निगडित असल्याचे प्रतिपादन केले.

द्राविड भाषा : तमिळमध्ये ‘करुमम्’ म्हणजे कार्य, उत्तरक्रिया आणि दुर्दैवही. मात्र सिद्धांताच्या अर्थी तेथे देशी ‘विनै’ शब्द आहे. तिरुक्कुरळात चांगल्या-वाईट कर्मांना ‘इरुविनै’ म्हटले आहे. ‘विनै’ ही तमिळ व्याकरणात क्रियापदाचीही संज्ञा आहे, हे विशेष. संस्कृतात ‘कर्म’ क्रियेच्या विषयाकडे गेले, तमिळमध्ये समानार्थी शब्द क्रियेकडेच राहिला. तेलुगूत दैवाच्या अर्थी उच्चार ‘खर्म’ असा होतो, आणि ‘ना खर्म’ हे मराठीतील ‘कर्म माझं’चे तंतोतंत प्रतिरूप आहे.

आग्नेय व पूर्व आशिया : ब्रह्मी भाषेत ‘कम्म’ पासून आलेला ‘कान’ म्हणजे नशीब, ‘कान कौंग’ म्हणजे नशीबवान. थाईत सुटा ‘कम’ हा शब्द बहुधा वाईट फळासाठीच येतो, परंतु सामासिक शब्दांत मूळ अर्थ शाबूत आहे : कर्मकर (मजूर), उत्साहकर्म (उद्योगधंदे), वर्णकर्म (साहित्य) अशा घडणीचे शब्द तेथे नित्याचे आहेत. तिबेटी अनुवादकांनी ‘ले’ (लेखनात ‘लस्’) हा देशी शब्द योजला; तोच रोजच्या कामालाही चालतो. तरी ‘कर्मा’ हे व्यक्तिनाम तिबेटी व भूतानी स्त्रीपुरुषांत प्रचलित आहे. चिनी भाषेत ‘ये’ हा शब्द निवडला गेला. जुन्या शब्दकोशात त्याचा अर्थ घंटा-नगारे टांगण्याच्या चौकटीची फळी असा दिला आहे, पुढे तो व्यवसाय असा झाला. भिक्षुसंघाच्या औपचारिक कृतीसाठी मात्र ‘कर्म’ ध्वनिरूपानेच घेतले. जपानीत त्याच चिन्हाचे दोन उच्चार आहेत : ‘ग्यो’ म्हटले की धंदा, ‘गो’ म्हटले की कर्म.

युरोपीय भाषा : इंग्रजीत हा शब्द एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात प्राच्यविद्यापंडितांच्या लेखनातून आला, 1875 मध्ये न्यूयॉर्कला स्थापन झालेल्या थिऑसॉफिकल सोसायटीने तो सामान्य वाचकांपर्यंत नेला. फ्रेंच व जर्मन विद्वानांच्या लेखनात मूळ प्रातिपदिक ‘कर्मन्’ही आढळते. लोकव्यवहारात याच जन्मी, आणि लवकरच, मिळणारी परतफेड असा अर्थ स्थिरावला, पुनर्जन्म गळाला. हा अर्थ ‘कर्मा’ या इंग्रजी उच्चारासह शहरी मराठीत परत आला असून ‘कर्म’ व ‘कर्मा’ हे आता दोन वेगळ्या अर्थांचे शब्द होऊ पाहत आहेत.

झारखंड, छत्तीसगड व लगतच्या प्रदेशांतील आदिवासींचा ‘करम’ किंवा ‘करमा’ हा भाद्रपदातील सण करम वृक्षाच्या फांदीच्या पूजेचा आहे. त्या वेळी सांगितल्या जाणाऱ्या कथेत कर्मा व धर्मा हे भाऊ येतात. कथेवर संस्कृत शब्दाची छाया उघड आहे. सणाचे नाव मात्र वृक्षावरूनच आले असण्याची शक्यता अधिक.