सात मिलिग्रॅमच्या आधीची वीस वर्षं

२२ जुलै २०२० रोजी फायझरच्या रसायनतज्ज्ञांच्या हाती एका नव्या रेणूची पहिली खेप आली. वजन भरलं ७ मिलिग्रॅम, म्हणजे चिमूटभरही नाही. पुढे त्याचं नाव निरमाट्रेलव्हिर पडलं आणि अवघ्या १७ महिन्यांत, डिसेंबर २०२१ मध्ये, तो रेणू असलेल्या पॅक्सलोव्हिड या कोविडवरच्या गोळीला अमेरिकेत तातडीच्या वापराची परवानगी मिळाली. नवं औषध यायला दहा-बारा वर्षं सहज जातात, त्या हिशेबाने हा वेग अचाटच. पण गोळीचं बारसं तेव्हा झालं असलं तरी तिची कुंडली बरीच जुनी आहे.

कोरोनाविषाणू पेशीत शिरला की आपली कामाची बरीचशी प्रथिनं सुटी सुटी बनवत नाही. पेशीकडून एकच लांबलचक माळ करून घेतो आणि मग ती ठरावीक जागी तोडतो. त्यातल्या ११ जागी कात्री चालवतं ते ‘मुख्य प्रोटीएज’ हे विकर (एन्झाइम). प्रोटीएज म्हणजे प्रथिनं कापणारं विकर. गंमत अशी, की ही कात्री माळेत ग्लुटामिन हे अमिनो आम्ल, म्हणजे प्रथिनाच्या माळेतला एक मणी, दिसलं की त्याच्या पुढे कापते, आणि आपल्या शरीरातल्या माहीत असलेल्या प्रोटीएजांना ही खोड नाही. कात्री अडकवली की विषाणूची जुळणी थांबते, आपल्या विकरांना मात्र फारसा धक्का लागत नाही. औषध शोधणाऱ्याला आणखी काय हवं?

प्रोटीएज अडवून विषाणू रोखता येतो हे एचआयव्हीने दाखवून दिलं होतं. १९९५च्या अखेरीस सॅक्विनाविर हे त्यावरचं औषध आलं, पाठोपाठ रिटोनाविर. त्याच दशकात अगुरॉन ही कंपनी (ती पुढे फायझरच्या ताब्यात गेली) साध्या सर्दीच्या विषाणूचं प्रोटीएज अडवू पाहत होती. त्यांचं रुपिनट्रिव्हिर नाकात फवारायचं औषध होतं. ते बाजारापर्यंत पोचलं नाही, पण ग्लुटामिनची नक्कल करणारं अणूंचं एक छोटं कडं त्यात होतं. ते लक्षात ठेवायला हवं.

२००३ मध्ये सार्सची साथ आली, तीही एका कोरोनाविषाणूचीच. जर्मनीत रोल्फ हिल्गेनफेल्ड यांच्या गटाने त्याआधीच डुकरांच्या एका कोरोनाविषाणूच्या प्रोटीएजची रचना उलगडली होती. आता त्यांनी माणसातल्या एका कोरोनाविषाणूची कात्रीही मांडून दाखवली आणि सुचवलं, की रुपिनट्रिव्हिर थोडं बदलून सार्सवर वापरता येईल. फायझरनेही ही कात्री अडवणारा एक रेणू तयार केला. तेवढ्यात सुमारे ८ हजार रुग्ण आणि ७७४ मृत्यूंनंतर साथच ओसरली. रोगीच नाहीत तर चाचणी कोणावर घेणार? रेणू कपाटात गेला. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वांत महागडा निर्णय हाच. त्याला कोणी निर्णय म्हटलं नाही, इतकंच.

मधली वर्षं मात्र अगदीच रिकामी नव्हती. मांजरांना एका कोरोनाविषाणूमुळे पोटात पाणी साठणारा जीवघेणा आजार होतो. कॅन्सस स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी त्यावर जीसी३७६ हे प्रोटीएज रोखणारं औषध वापरलं आणि मरणाच्या दारातली काही मांजरं बरी झाली. म्हणजे प्राण्याच्या शरीरात हा मार्ग चालतो, याचा पुरावा कोविडच्या आधीच हातात होता.

मग २०२०. नव्या विषाणूच्या प्रोटीएजची रचना चीनमधल्या गटाने फेब्रुवारीच्या सुरुवातीलाच जगासाठी खुली केली. ३०६ अमिनो आम्लांपैकी जुन्या सार्सपेक्षा वेगळी निघाली फक्त १२. घाईघाईत एचआयव्हीची लोपिनाविर-रिटोनाविर जोडीही रुग्णांना देऊन पाहिली गेली. ती फसली, आणि त्यात नवल नव्हतं. एचआयव्हीची कात्री अॅस्पार्टिक आम्लावर चालणारी, कोरोनाची सिस्टीन या दुसऱ्याच अमिनो आम्लावर. एका कुलपाची किल्ली दुसऱ्याला लावण्यातलाच प्रकार.

फायझरने कपाटातला रेणू काढला, पण तो तोंडावाटे घेतला तर नीट शोषला जात नव्हता, शिरेतूनच द्यावा लागे. त्याची डागडुजी करताना जुनं सामान कामी आलं. रुपिनट्रिव्हिरमधलं ते कडं राहिलंच. हिपॅटायटिस सीवरच्या बोसेप्रेव्हिर या औषधातला एक तुकडा उचलला गेला. टोकाला नायट्राइल नावाचा अणूंचा गट बसवला, जो कात्रीच्या धारेवरच्या १४५व्या सिस्टीनला धरून ठेवतो. एक अडचण उरली. यकृतातलं विकर हा रेणू भराभर मोडून टाकत होतं. तिथे मदतीला आलं रिटोनाविर, कारण ते त्या विकरालाच आवरतं. कोविडवर स्वतः निरुपयोगी ठरलेलं औषध असं पहारेकरी म्हणून परत आलं.

लस न घेतलेल्या, जास्त धोका असलेल्या रुग्णांना लक्षणं दिसल्यापासून तीन दिवसांत गोळ्या दिल्या, तेव्हा रुग्णालयात दाखल होणं किंवा मृत्यू यांचं प्रमाण ८९ टक्क्यांनी घटलं. लस घेतलेल्यांचाही समावेश असलेल्या नंतरच्या चाचणीत लक्षणं लवकर ओसरल्याचं मात्र दिसलं नाही, हेही सांगायला हवं.

आणि पहारेकऱ्याची किंमतही आहे. यकृतातलं तेच विकर कोलेस्टेरॉलच्या, हृदयाच्या, अवयवरोपणानंतरच्या कित्येक औषधांचाही निचरा करतं. ते आवरलं की ती औषधं रक्तात साठतात. म्हणजे ज्या वृद्ध, आजारी माणसांना या गोळीची सर्वाधिक गरज, त्यांच्याच बाबतीत डॉक्टरला आधी औषधांची यादी तपासावी लागते. जपानच्या शिओनोगीचं एन्सिट्रेलव्हिर नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथे मंजूर झालं. तेही त्याच कात्रीवर बसतं, पण त्याला रिटोनाविरची जोड लागत नाही.