मॉनिटरिंग की प्रोबेशन? फरक सहीपाशी आहे

अमेरिकेत एखाद्या नर्सवर दारूचा किंवा ड्रग्जचा ठपका आला की दोन शब्द कानावर पडतात : मॉनिटरिंग आणि प्रोबेशन. दोन्हींत अचानक लघवीची तपासणी होते, दोन्हींत नार्कोटिक औषधांना हात लावायची बंदी येऊ शकते आणि दोन्हींचा ससेमिरा साधारण तीन ते पाच वर्षं चालतो. इकडून तिकडे गेलेल्या सिस्टर मंडळींना म्हणूनच वाटतं, नाव वेगळं, प्रकार एकच. तसं नाही.

प्रोबेशन ही उघड शिक्षा. राज्याचं नर्सिंग बोर्ड लेखी आरोप ठेवतं, नर्स वकील देऊ शकते, सुनावणी मागू शकते, साक्षीदाराला उलट प्रश्न विचारू शकते. आरोप सिद्ध करायचं ओझं बोर्डावर. पण आदेश निघाला की तो सार्वजनिक होतो. पुढचा मालक नर्सिस या संगणकीय नोंदवहीत नाव टाकेल आणि कारवाई समोर येईल.

मॉनिटरिंग हा शिक्षेऐवजीचा मार्ग. फ्लोरिडात तो १९८३ साली सुरू झाला, कॅलिफोर्नियात १९८५ मध्ये. विचार चांगलाच होता. नर्सने वॉर्डातल्या गोळ्या चोरून घेत राहण्यापेक्षा स्वतः पुढे यावं, तिला लगेच कामावरून बाजूला करावं, उपचार मिळावेत आणि नाव चव्हाट्यावर येऊ नये. बोर्डाची चौकशी महिनोन् महिने चालते. तेवढ्या काळात पेशंटचं काय, हा प्रश्नही यात सुटतो.

खरी गोम मॉनिटरिंगच्या कार्यक्रमात शिरताना सही करायच्या करारात आहे. अनेक कार्यक्रमांत नर्स त्या कागदावर आपला दोष कबूल करते, सांगतील तेव्हा काम थांबवायला तयार होते, आणि मध्येच सोडलं तर प्रकरण बोर्डाकडे जाईल हे मान्य करते. म्हणजे सुनावणी व्हायच्या आधीच कबुली देऊन मोकळी. वर याला ‘स्वेच्छेने’ म्हणायचं! सही न केल्यास लायसन्स धोक्यात, अशा वेळची ही स्वेच्छा. व्यसन आहे की नाही हे तपासणारा तज्ज्ञ बहुधा कार्यक्रमाच्याच यादीतला, आणि लघवीच्या चाचण्यांचे पैसे बहुतेक ठिकाणी नर्सच्याच खिशातून. तेही ती बिनपगारी घरी असताना.

न्यायाची परीक्षा होते ती चाचणीच्या दिवशी. रोज सकाळी अ‍ॅपवर हजेरी लावायची. आज नंबर लागला असेल तर ड्युटी असो, लेकराचा ताप असो, लॅब बंद व्हायच्या आत पोचायचं. चुकलं तर ते पॉझिटिव्हच धरतात. दारूसाठी ‘ईटीजी’ नावाची चाचणी असते. तिची संवेदनशीलता इतकी की हातावर चोळलेल्या सॅनिटायझरमुळे किंवा माउथवॉशमुळेही ती पॉझिटिव्ह येऊ शकते. आयसीयूतल्या नर्सने एका शिफ्टमध्ये सॅनिटायझर किती वेळा चोळला असेल, विचार करा. व्यसन आणि मानसिक आरोग्याचं काम पाहणाऱ्या अमेरिकन सरकारच्याच साम्सा या संस्थेने २००६ मध्ये बजावलं होतं की केवळ ईटीजीच्या जोरावर कुणावर कारवाई करू नये. प्रोबेशनवरच्या नर्सचीही हीच चाचणी होते, पण लायसन्सच काढून घ्यायचं तर बोर्डाला सहसा पुन्हा आरोप ठेवावा लागतो. मॉनिटरिंगमध्ये पुष्कळदा फक्त एक फोन येतो : उद्यापासून कामावर जाऊ नका.

इंडियानातला प्रकार तर आणखी विचित्र. अफूजन्य औषधांच्या व्यसनावर डॉक्टरच्या चिठ्ठीने औषध घेणाऱ्या नर्सना तिथे मदतीच्या कार्यक्रमात प्रवेशच नव्हता. उपचार सोडा, मग मदत घ्या! २०२२ मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागाने निष्कर्ष काढला की हे अपंगांच्या हक्कांच्या कायद्याविरुद्ध आहे.

म्हणून प्रोबेशन बरं, असं मी म्हणत नाही. जिला आपलं व्यसन ठाऊक आहे, जिने वॉर्डातलं औषध स्वतःसाठी वळवलंय, तिच्यासाठी मॉनिटरिंगची गुप्तता सोन्याच्या मोलाची. पण सुट्टीच्या दिवशी दारू पिऊन गाडी चालवताना पकडली गेलेली, कुणीही व्यसनाचं निदान न केलेली नर्स त्याच करारावर सही करते, तेव्हा तिच्या मानेवर तेच वर्षानुवर्षांचं जोखड बसतं. माझ्या मते अन्याय इथे होतो. अशा नर्सने कागद वकिलाला दाखवावा आणि आधी तीनच गोष्टी विचाराव्यात : कबुलीचं वाक्य काढता येईल का, पॉझिटिव्ह आल्यावर त्याच नमुन्याची दुसऱ्या लॅबमध्ये खात्री करता येईल का, आणि कार्यक्रमाच्या निर्णयावर अपील कुणाकडे?