रोल टाकण्याआधी कात्री

जुन्या लायकाला, म्हणजे 35 मिलिमीटर फिल्मच्या जर्मन कॅमेऱ्याला, मागचं दार नाही. 1925 सालच्या पहिल्या मॉडेलपासून थ्री-एफपर्यंत, आणि त्यांच्यावरून बेतलेल्या सोव्हिएत फेड-1 मध्येही, फिल्मचा रोल तळाचं झाकण काढून खालून सरकवावा लागतो. झाईस आयकॉन कंपनीच्या कॉन्टॅक्स कॅमेऱ्याची पाठ 1932 मध्येच पूर्ण निघत होती. लायकाने बंद, ताठ बॉडी राखली आणि त्याची किंमत रोल टाकणाऱ्याकडून वसूल केली.

आजच्या रोलची जीभ, म्हणजे पुढचा अर्धवट कापलेला भाग, साधारण 4 सेंटिमीटरची असते. या कॅमेऱ्यांना ती 10 सेंटिमीटर लागते. प्रेशर प्लेट, म्हणजे फिल्म मागून सपाट दाबून धरणारी पट्टी, आणि शटरसमोरची चौकट यांमधली फट अगदी अरुंद असते. जीभ लांब असली की चौकटीसमोर अरुंद पट्टीच येते आणि अलगद बसते. पूर्ण 35 मिलिमीटर रुंदीची फिल्म पुढे वाइंड करताना बाजूने, सरळ रेषेत आत शिरते. जीभ आखूड असली तर रुंद फिल्मच खालून घुसवावी लागते. तिची वरची कड आत अडते, छिद्रं फाटतात. फाटलेला कपटा शटरच्या कापडी पडद्यात गेला तर कॅमेरा थेट दुरुस्तीला.

म्हणून कंपनीने जिकडे कापलंय त्याच बाजूने पुढे कापत जा. दोन छिद्रांमधलं अंतर 4.75 मिलिमीटर, म्हणजे 10 सेंटिमीटरला सुमारे 21 छिद्रं. शेवट गोलाईत करा, आणि कात्री छिद्राच्या मधून जाऊ देऊ नका. फाटायला सुरुवात तिथूनच होते. कात्री नसेल तर प्रेशर प्लेटच्या बाजूला व्हिजिटिंग कार्ड सरकवून फिल्म त्याच्या पुढून उतरवतात आणि मग कार्ड ओढून घेतात. जमतं, पण कापलेल्या जिभेइतकी खात्री त्यात नाही.

आता कॅमेऱ्यातलं रिकामं रीळ, ज्यावर फिल्म गुंडाळत जाते ते, बाहेर काढा, जिभेचं टोक त्याच्या क्लिपखाली शेवटपर्यंत सरकवा. कॅसेट (फिल्मची डबी) आणि रीळ दोन हातांत धरून दोन्ही एकदमच खाली उतरवा. झाकण लावण्याआधी थोडं वाइंड करून पाहा: दातेरी चाकाचे दात छिद्रांत बसलेच पाहिजेत. एका फोटोला 8 छिद्रं पुढे जातात, म्हणजे 38 मिलिमीटर: 36 चित्राचे, 2 मधल्या पट्टीचे.

झाकण लावलं की रिवाइंडची गुंडी बाणाच्या दिशेने हळूच फिरवून ढील काढा. हाताला ताण लागला की थांबा. मग वाइंड करताना ती गुंडी उलटी फिरते का, यावर नजर ठेवा. ही एकच खूण भरवशाची. फिल्म क्लिपमधून निसटली असली तरी शटर वाजतं, काउंटरही सरकतो, कारण काउंटर वाइंडिंगच्या यंत्रणेला जोडलेला आहे, फिल्मला नाही. अख्खा रोल कोरा निघतो तो यामुळे. ढील न काढता गुंडीकडे पाहिलंत तर मात्र फसाल; सुरुवातीचे एक-दोन फेरे ती हलणारच नाही.

दोन फोटो कोरे उडवा आणि काउंटर हाताने शून्यावर आणा. छत्तिसाव्यानंतर वाइंडिंग घट्ट लागलं की जोर करू नका, नाहीतर फिल्म कॅसेटच्या आतल्या दांड्यावरून सुटून येते. खटका ‘आर’ (रिवाइंड) या खुणेवर घ्या आणि सावकाश रिवाइंड करा. एकदा किंचित ओढ लागेल, मग गुंडी एकदम हलकी होईल. जीभ क्लिपमधून सुटली. त्याआधी झाकण उघडायचं नाही.