उलट्या पंखाचा कोन

कुडाळच्या एका गॅरेजात मित्राच्या गाडीला मागचा पंख चढत होता. मेस्त्रींनी तो हातात घेऊन फिरवला, फुगवटा खालच्या बाजूला दिसला आणि त्यांनी विचारलं, "हो पंख उलटो कसो?" उलटाच असतो. विमानाला उचलायचं असतं, गाडीला दाबायचं.

दाबायचं कशाला, ते पत्र्याच्या घरात राहिलेल्या कोकणी माणसाला वेगळं सांगायला नको. ३ जून २०२० ला 'निसर्ग' चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूने किनाऱ्यावर चढलं तेव्हा घरांचे पत्रे उडाले. छपरावरून हवा जोरात गेली की वरचा दाब घटतो आणि खालची हवा पत्रा उचलते. फुगीर टपाच्या गाडीचं भरवेगात तेच होतं, चाकं हलकी पडतात. वेग दुप्पट झाला की हा जोर चौपट. खड्डे चुकवत जायच्या वेगात पंख म्हणजे निव्वळ शोभा, हे मात्र मित्राला पटत नाही.

१९२८ मध्ये बर्लिनच्या आव्हुस ट्रॅकवर फ्रिट्झ फॉन ओपेलने रॉकेटवर चालणारी गाडी ताशी २३८ किलोमीटरने नेली. ती उडू नये म्हणून दोन्ही बाजूंना उलटे पंख होते. १९५६ मध्ये मायकेल मे या स्विस इंजिनिअरने आपल्या पोर्शेवर, डोक्याच्याही वर, मोठा पंख उभारला. न्युर्बुर्गरिंगच्या आयोजकांनी तो काढायला लावला.

मला सगळ्यात आवडते ती अमेरिकन शर्यतपटू जिम हॉलची १९६६ ची शर्यतीची गाडी, चॅपरल २ई. उंच खांबांवरचा तिचा पंख थेट मागच्या चाकांच्या हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या भागावर टेकलेला, त्यामुळे दाब स्प्रिंगांवर न पडता टायरवर. गाडीला क्लचचं पेडल नव्हतं, त्यामुळे डावा पाय मोकळा. सरळ रस्त्यावर त्या पायाने पेडल दाबलं की पंख आडवा, वळण आलं की पाय उचलायचा. शीड ढिलं सोडावं, पुन्हा ताणावं, तसं.

१९६८ मध्ये फॉर्म्युला वनच्या गाड्यांनीही पंख घेतले आणि वर्षभरात ते गळ्याशी आले. ४ मे १९६९ ला बार्सिलोनाच्या मोंजुईक ट्रॅकवर लोटसच्या दोन्ही गाड्यांचे, ग्रॅहम हिल आणि योखेन रिंट यांचे, पंख एकाच जागी मोडले. दोघेही वाचले. दोन आठवड्यांत मोनॅकोला उंच पंखांवर बंदी आली. पुढच्या नियमांनी पंख खाली आणला, अंगाला पक्का बांधला आणि धावताना हलवायला मनाई केली. मागचा पंख चालकाला पुन्हा हलवता आला तो २०११ मध्ये, डीआरएसच्या, म्हणजे सरळ रस्त्यावर पंख उघडून हवेचा अडथळा कमी करणाऱ्या यंत्रणेच्या, बटणाने.

पायातून गेलेला कोन पान्याच्या हाती आला. ट्रॅक डेच्या, म्हणजे हौसेने शर्यतीच्या ट्रॅकवर पळवायच्या, गाडीवर पंखाच्या आधाराला भोकांची रांग दिसते, ती माझ्या मते याच इतिहासाची खूण. एक भोक वर घेतलं की कोन वाढतो, दाब वाढतो, हवेचा अडथळाही वाढतो. प्रमाणाबाहेर तिरपा केला तर हवा खालच्या पृष्ठभागाला धरून राहत नाही, दाब गळतो. शिवाय पंख मागच्या चाकांच्याही मागे असल्याने डिकीवर बसल्यासारखं होतं, पुढचं नाक हलकं पडतं आणि गाडी वळायला कुरकुरते.

मित्र कोइम्बतूरच्या कारी ट्रॅकवर निघायच्या आदल्या दिवशी एक भोक खाली घ्यायला बसला. गाडी पावसाळाभर अंगणात उभी होती. ॲल्युमिनियमच्या पट्टीत स्टीलचे बोल्ट खाऱ्या हवेने घट्ट धरले होते. मेस्त्रींनी रात्रभर तेल सोडून ठेवलं.