कॉपी प्रोटेक्शन

कॉपी प्रोटेक्शन म्हणजे गाणं, सिनेमा, पुस्तक, गेम किंवा सॉफ्टवेअर विकत घेणाऱ्याला वापरता यावं पण त्याची नक्कल काढता येऊ नये यासाठी केलेली तांत्रिक व्यवस्था. नंतर याला डीआरएम म्हणजे डिजिटल राइट्स मॅनेजमेंट हे नाव रुळलं. रिचर्ड स्टॉलमन आणि त्याची फ्री सॉफ्टवेअरवाली मंडळी, म्हणजे सॉफ्टवेअर वापरायला, बदलायला आणि वाटायला मोकळं असावं म्हणणारी, मुद्दाम त्यातल्या राइट्सच्या जागी रिस्ट्रिक्शन्स म्हणतात, कारण त्यांच्या मते यात हक्क मिळत कोणालाच नाहीत, काढून तेवढे घेतले जातात. कॉपीराइट आणि कॉपी प्रोटेक्शन यात लोक कायम गल्लत करतात म्हणून आधीच सांगतो, कॉपीराइट हा कायदा आहे, त्याला मुदत असते, अपवाद असतात, कोर्टात दोन्ही बाजू मांडता येतात. कॉपी प्रोटेक्शन हे कुलूप आहे, आणि कुलपाला मुदतबिदत काही कळत नाही, पुस्तकाचा कॉपीराइट संपून गेला तरी ते बंद ते बंदच.

या कुलपाची मूळ अडचण अशी की नेहमीच्या गुप्त संदेशात तीन जण असतात, पाठवणारा, घेणारा आणि मधे चोरून ऐकणारा. इथे घेणारा आणि चोर एकच माणूस धरलाय. सिनेमा कुलपात घालून द्यायचा, तो दिसावा म्हणून किल्लीही द्यायची, आणि मग ती किल्ली त्याच्याच घरातल्या प्लेअरमधे त्याला सापडू नये अशी लपवायची. बरं, सगळ्यांना कुलूप फोडता यावं लागत नाही, जगात एकाने एकदा फोडलं की उरलेल्यांना नुसतं डाउनलोड करायचं असतं. २००२ साली मायक्रोसॉफ्टच्याच चार जणांनी एका पेपरमधे जवळपास हेच लिहिलं, की अशी फुटलेली कॉपी पसरणं थांबणार नाही आणि कुलूपवाला माल त्या फुकटच्या बिनकुलपी मालाशी स्पर्धा करत राहणार. शिवाय शेवटी चित्र डोळ्यांना दिसावंच लागतं आणि आवाज कानात जावाच लागतो, तिथे कॅमेरा किंवा माइक लावला की झालं, याला अ‍ॅनालॉग होल म्हणतात.

भांडण तसं घरगुती कॉम्प्युटरइतकंच जुनं आहे. फेब्रुवारी १९७६ मधे बिल गेट्सने हौशी कॉम्प्युटरवाल्यांना उघड पत्र लिहिलं होतं, की आमचं अल्टेअर बेसिक तुमच्यातले बहुतेक जण चोरून वापरतात. तेव्हा ते कागदाच्या भोकं पाडलेल्या टेपवर मिळायचं आणि क्लबात एकाने आणलं की दुसऱ्या दिवशी सगळ्यांकडे. मग फ्लॉपीचा काळ आला आणि कुलपांचे प्रकारही वाढले. फ्लॉपीवर मुद्दाम खराब सेक्टर ठेवायचे, साध्या कॉपी कमांडला ते जमायचे नाहीत आणि प्रोग्राम सुरू होताना ते आहेत का बघायचा. काही गेम मॅन्युअलच्या अमुक पानावरचा तमुक शब्द विचारायचे, काहींबरोबर पुठ्ठ्याची फिरती चकती यायची, महागड्या सॉफ्टवेअरला डोंगल, म्हणजे पोर्टला लावायचा ठोकळा, तो हरवला की सॉफ्टवेअरही गेलं. लगेच ही कुलपं ओलांडून कॉपी काढणारे लॉकस्मिथ, कॉपी टू प्लस असे प्रोग्राम दुकानात उघड विकायला आले, आणि १९८८ मधे व्हॉल्ट विरुद्ध क्वेड खटल्यात अमेरिकेच्या अपील कोर्टाने असा प्रोग्राम विकणं बेकायदा ठरवलं नाही, कारण घेतलेल्या सॉफ्टवेअरची बॅकअप कॉपी ठेवायचा हक्क गिऱ्हाइकाला होता.

याच काळात क्रॅक करणाऱ्यांच्या टोळ्या झाल्या. गेम फोडला की सुरुवातीला आपलं नाव, हलती अक्षरं, संगीत असं सगळं टाकायचे, म्हणजे चोरी करून वर सहीसुद्धा. त्या सह्या इतक्या देखण्या व्हायला लागल्या की त्यातून डेमोसीन नावाची वेगळी कला निघाली, जी २०२० मधे फिनलंडने आपल्या सांस्कृतिक वारशाच्या राष्ट्रीय यादीत घातली. हे कोणी १९८५ मधे सांगितलं असतं तर वेड्यात काढलं असतं.

सिनेमावाल्यांची पहिली मोठी लढाई व्हीसीआरशी, म्हणजे टीव्हीवरचं टेप करणाऱ्या मशीनशी. १९८२ मधे हॉलिवूड स्टुडिओंच्या संघटनेचे प्रमुख जॅक व्हॅलेंटी अमेरिकी काँग्रेससमोर म्हणाले की व्हीसीआर हा सिनेमा धंद्यासाठी एकट्या बाईला बॉस्टन स्ट्रँगलर जसा तसा आहे, म्हणजे बायकांचे गळे आवळणाऱ्या एका कुप्रसिद्ध खुन्याची उपमा. १९८४ मधे सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ मतांनी सांगितलं की कार्यक्रम नंतर बघायला टेप करणं ही चोरी नाही आणि ते मशीन विकणाऱ्या सोनीला जबाबदार धरता येत नाही. पुढे काही वर्षांतच स्टुडिओंना व्हिडिओतून थेटरपेक्षा जास्त पैसे मिळायला लागले. गंमत म्हणजे पुढे याच सोनीच्या म्युझिक कंपनीने कुलपाच्या नादात काय करून ठेवलं ते खाली येतंच.

कायद्याची खरी कलाटणी १९९६ ची. त्या डिसेंबरात वायपोचा, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या बौद्धिक संपदा संघटनेचा, कॉपीराइट करार झाला, त्यात देशांनी तांत्रिक कुलपांना कायद्याचं संरक्षण द्यावं असं आलं. अमेरिकेने १९९८ मधे डीएमसीए हा कायदा केला, युरोपने २००१ मधे निर्देश काढला, भारताने २०१२ च्या दुरुस्तीत ६५अ कलम घातलं. डीएमसीएच्या १२०१ कलमाची मेख अशी की कुलूप फोडणं आणि फोडायचं हत्यार वाटणं हाच वेगळा गुन्हा झाला, आत ठेवलेल्या मालाचं तुम्ही पुढे काही बेकायदा करा वा ना करा, आणि धंद्यासाठी केलं तर पहिल्या गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद. म्हणजे कायदा आता कलाकृतीचं नाही तर कुलपाचं रक्षण करतो. दर तीन वर्षांनी तिथल्या लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे जाऊन लोकांना सवलती मागाव्या लागतात, आणि मिळाली तरी ती पुढच्या फेरीत टिकवायला परत अर्ज.

डीव्हीडीवर हे सगळं एकदम दिसलं. डीव्हीडीचं कुलूप म्हणजे सीएसएस, त्याची किल्ली फक्त ४० बिटांची. प्लेअर बनवणाऱ्या प्रत्येक कंपनीला लायसन्स घेऊन वेगळी किल्ली मिळायची. विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम वापरणाऱ्यांसाठी लायसन्सवाला प्लेअर कोणी बनवलाच नव्हता, म्हणजे डिस्क विकत घेतलेली, ड्राइव्ह विकत घेतलेला, आणि बघायची सोय नाही. ऑक्टोबर १९९९ मधे डीसीएसएस नावाचा छोटासा प्रोग्राम बाहेर आला, एका कंपनीने आपल्या सॉफ्टवेअर प्लेअरमधे किल्ली नीट न झाकता ठेवली होती तिथून धागा मिळाला. तो प्रसिद्ध करणाऱ्यांत नॉर्वेचा योन लेक योहानसेन होता, वय १५. पोलिसांनी घरी धाड घातली, खटला चालला, आणि जानेवारी २००३ मधे तो निर्दोष सुटला, सरकारने अपील केलं तर त्याच डिसेंबरात परत सुटला, स्वतः घेतलेली डिस्क स्वतः बघणं हा गुन्हा नाही म्हणून. अमेरिकेत मात्र तोच प्रोग्राम आपल्या साइटवर टाकणारं '२६००' नावाचं हॅकर मासिक खटला हरलं. मग लोकांनी तो टीशर्टवर छापला, एकाने त्याचं हायकूंच्या छंदात रूपांतर केलं, फिल कारमडी नावाच्या गणितवेड्याने तर एक अशी मूळ संख्या शोधली की तिच्यात तो प्रोग्राम लपलेला होता, आणि प्रश्न विचारला गेला की मग आता ही संख्या बेकायदा का. २००७ मधे एचडी डीव्हीडी आणि ब्लू-रेच्या एएसीएस कुलपाची १६ बाइटची किल्ली फुटली तेव्हा परत तेच, बातम्यांच्या लिंका जमवणाऱ्या डिग या साइटने लोकांनी टाकलेली ती संख्या काढून टाकायला सुरुवात केली आणि १ मे ला वापरणाऱ्यांनी अख्खं मुखपृष्ठ त्याच संख्येने भरून टाकलं, शेवटी साइटने हात टेकले.

या कायद्याचा फटका पायरसी करणाऱ्यांपेक्षा संशोधकांना आधी बसला. प्रिन्स्टनच्या एड फेल्टनच्या गटाने संगीत कंपन्यांनीच जाहीर केलेल्या आव्हानात त्यांचे वॉटरमार्क, म्हणजे गाण्यात लपवलेल्या खुणा, तोडून दाखवले, आणि पेपर वाचायची वेळ आली तेव्हा खटल्याच्या धमकीचं पत्र आलं. जुलै २००१ मधे रशियन प्रोग्रामर दिमित्री स्क्ल्यारोव्ह लास वेगासला डेफकॉन या हॅकरांच्या परिषदेत अडोबीच्या ईबुकचं कुलूप किती कच्चं आहे यावर बोलला आणि परत निघताना त्याला अटक झाली, त्याचा प्रोग्राम रशियात कायदेशीर होता तरी. काही आठवडे तो तुरुंगात होता, शेवटी खटला त्याच्या कंपनीवर चालला आणि डिसेंबर २००२ मधे ज्युरीने कंपनीला निर्दोष सोडलं.

संगीतात तर कुंपणानेच शेत खाल्लं. ऑडिओ सीडीवर कुलूप लावायचे प्रयत्न आधीही झाले होते, एक प्रकार कडेला मार्कर पेनाने रेघ ओढली की निकामी व्हायचा, दुसरा सीडी घालताना शिफ्ट बटण दाबून धरलं की. पण ३१ ऑक्टोबर २००५ ला मार्क रुसिनोविच या विंडोजच्या जाणकाराने लिहिलं की सोनी बीएमजीची एक सीडी लावल्यावर त्याच्या कॉम्प्युटरमधे रूटकिट, म्हणजे सिस्टिमच्या आत लपून राहणारं सॉफ्टवेअर, बसलं. एक्ससीपी नावाचं हे सॉफ्टवेअर विंडोजच्या पोटात शिरून ठराविक अक्षरांनी सुरू होणारी प्रत्येक फाइल लपवायचं, मग ती कोणाचीही असो, आणि व्हायरसवाल्यांनी थोड्याच दिवसांत त्याचा आडोसा घेतला. काढायला जे सॉफ्टवेअर दिलं त्यानेच नवीन भगदाड पडलं. कंपनीचा एक बडा अधिकारी रेडिओवर म्हणाला की बहुतेकांना रूटकिट म्हणजे काय हेच माहीत नाही, मग त्यांनी पर्वा कशाला करायची. आणि वर त्या कुलपात लेम या ओपन सोर्स प्रोजेक्टचा कोड त्याच्या अटी न पाळता वापरलेला सापडला, म्हणजे कॉपीराइट वाचवणाऱ्या सॉफ्टवेअरनेच कॉपीराइट मोडलेला. खटले झाले, सीड्या परत घ्याव्या लागल्या. इथे लक्षात घ्यायची गोष्ट ही की ज्याने गाणी टोरेंटवरून, म्हणजे लोकांच्या आपसातल्या फाइल वाटपातून, फुकट उतरवली त्याचा कॉम्प्युटर या रूटकिटपासून तरी सुरक्षित होता, पैसे मोजून सीडी आणणारा अडकला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

त्यानंतर विकत मिळणाऱ्या गाण्यांवरचं कुलूप जवळपास गेलंच. फेब्रुवारी २००७ मधे अ‍ॅपलच्या स्टीव्ह जॉब्सने उघडपणे लिहिलं की कंपन्यांनी परवानगी दिली तर आम्ही डीआरएमशिवाय गाणी विकू, त्याच वर्षी ईएमआय ही रेकॉर्ड कंपनी तयार झाली, आणि जानेवारी २००९ मधे अ‍ॅपलच्या आयट्यून्स या दुकानाने सगळी गाणी बिनकुलपी करायचं जाहीर केलं. पायरसीने नुकसान झालं नाही असं म्हणायचं नाही, १९९९ नंतर रेकॉर्डेड संगीताची जागतिक कमाई बरीच वर्षं घसरत होती आणि ती सावरली २०१५ च्या आसपास, स्ट्रीमिंगमुळे, म्हणजे कुलूप घट्ट करून नाही तर विकत घेणं सोपं करून. पण नुकसानीचे जे मोठमोठे आकडे फेकले जातात ते जपूनच घ्यावेत, अमेरिकी सरकारच्याच ऑडिट खात्याने २०१० मधे सांगितलं की सर्रास वापरले जाणारे तीन आकडे कुठून आले याचा पत्ता लागत नाही.

गेममधे कुलूप राहिलं. २००८ मधे स्पोर गेम फक्त तीनदा इन्स्टॉल करता येईल अशी अट होती, लोक चिडले, आणि त्याच वर्षी तो सगळ्यात जास्त चोरला गेलेल्या गेमपैकी एक ठरला. २०१३ च्या सिमसिटीला सतत इंटरनेट लागायचं आणि पहिल्या दिवसांत सर्व्हरच कोसळले. त्यातल्या त्यात मजेदार उपाय गेम डेव्ह टायकूनवाल्यांचा, हा गेम कंपनी चालवायचा गेम, त्यांनी २०१३ मधे पहिल्याच दिवशी स्वतःच एक फुकट कॉपी टोरेंटवर सोडली ज्यात खेळणाऱ्याची कंपनी पायरसीमुळेच बुडायची. चोरून खेळणारे मग ऑनलाइन विचारत होते की या गेममधे डीआरएम बनवायची सोय आहे का.

आता भांडण नकलेपेक्षा मालकीवर आलंय. जुलै २००९ मधे अ‍ॅमेझॉनने ऑर्वेलच्या '१९८४' या कादंबरीच्या विकलेल्या कॉप्या लोकांच्या किंडल या ईबुक वाचायच्या यंत्रातून परस्पर काढून घेतल्या, विकणाऱ्याकडे हक्क नव्हते म्हणून. पैसे परत दिले, कंपनीचा तेव्हाचा प्रमुख बेझोसने माफीही मागितली, पण लोकांवर पाळत ठेवणाऱ्या आणि जुन्या नोंदी पुसून टाकणाऱ्या राजवटीवरचं नेमकं तेच पुस्तक. २०१९ मधे मायक्रोसॉफ्टने ईबुकचं दुकान बंद केलं तेव्हा किल्ल्यांचा सर्व्हर बंद झाला आणि विकत घेतलेली पुस्तकं उघडेनाशी झाली, तिथेही पैसे परत, पुस्तक नाही. आणि हेच कुलूप प्रिंटरच्या टोनरला, गॅरेजच्या दाराला, ट्रॅक्टरला लागलं. टोनरच्या चिपवरून लेक्समार्क या प्रिंटर कंपनीने डीएमसीएचा आधार घेऊन खटला भरला, २००४ मधे अपील कोर्टाने तो मानला नाही, आणि आपल्याच ट्रॅक्टरचं सॉफ्टवेअर दुरुस्तीसाठी उघडायची सवलत अमेरिकेतल्या शेतकऱ्यांना २०१५ मधे मागून घ्यावी लागली. अंध वाचकांचं आणखी वेगळं, मजकूर मोठ्याने वाचणारं सॉफ्टवेअर बऱ्याचदा कुलपाच्या आत पोचतच नाही. २०१३ च्या मराकेश कराराने त्यांच्यासाठी कॉपी बनवायला वाट दिली, तो मंजूर करणारा पहिला देश भारत.

वेबवर २०१७ मधे डब्ल्यू३सी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेने ब्राउझरमधल्या डीआरएमचं ईएमई मानक पक्कं केलं आणि ईएफएफ ही डिजिटल हक्कांसाठी लढणारी संस्था त्याच दिवशी राजीनामा देऊन तिच्यातून बाहेर पडली. बऱ्याच स्ट्रीमिंग सेवांवर पैसे भरूनही तुमच्या ब्राउझरला वरच्या दर्जाचं कुलूप नसेल तर चित्र कमी रेझोल्यूशनचं मिळतं, फोडून पसरवलेली फाइल मात्र पूर्ण स्पष्ट असते.

जुन्या फ्लॉप्यांचं चुंबकत्व आता विझत चाललंय आणि कुलूपवाल्या मूळ डिस्कची नक्कल काढून ठेवणं सर्वात अवघड, त्यामुळे ऐंशीच्या दशकातले कितीतरी गेम आज संग्रहांमधे चालतात ते क्रॅक केलेल्या कॉपीतून, आणि सुरू केले की पडद्यावर पहिलं नाव दिसतं ते कंपनीचं नाही, ज्याने कुलूप फोडलं त्याचं.